घर मोजले, दुकान राहिले

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झाली, गावोगावी गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आटोपल्या आणि माणसे उशिरा अंथरुणाला पाठ टेकून झोपली. पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावे दुसऱ्या दिवशी जगभर पोहोचली. सुमारे आठ हजार माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली.

त्या दिवसांच्या आठवणी समाजातील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभे राहिले. त्या कार्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने कमी बोलली गेलेली बाब म्हणजे नव्या गावांची आखणी. पडलेल्या गावांच्या जागी नवी गावे कोणी आखली, कोणते माप लावून आखली, आणि त्या मापात किराणा दुकानदार, शिंपी, सोनार, कुंभार कोठे बसले? नगररचना आणि वास्तुरचना या व्यवसायांतील माणसांपुढे हा प्रश्न इतक्या मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात प्रथमच आला. त्याचे उत्तर आजच्या धाराशिवच्या पेठेतही तितकेच लागू पडते.

जुन्या गावाची रचना आधी समजून घ्यावी लागेल. मराठवाड्यातील माळवदी घर म्हणजे काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दोन दगडांमध्ये चिखलाचा गारा, लाकडी खांब-तुळयांवर पेललेले छत आणि छतावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पुढे ढाळज, आत ओसरी, भिंतीत देवळ्या आणि धान्यासाठी बळद. व्यापाऱ्याच्या घरात ढाळजेलाच दुकान असे. रस्त्याकडे फळ्यांचे दार, आत गादी-तक्का, मागच्या दाराने थेट स्वयंपाकघर. दुपारी गिऱ्हाईक नसले की मालक आत जेवायला जाई, आणि हाक आली की घरातील कोणीही गादीवर येऊन बसे. घर कोठे संपते आणि कामाची जागा कोठे सुरू होते, ते सांगता येत नसे.

हीच घरे त्या पहाटे जीवघेणी ठरली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. हादऱ्याने भिंतीचे दोन पदर सुटे झाले आणि वरची टनावारी माती खाली आली. तरीही तपासणीस आलेल्या अभियंत्यांच्या एक गोष्ट नजरेत भरली. ज्या वाड्यांत लाकडी खांबांचा सांगाडा भक्कम होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला. दोष माळवदाच्या कल्पनेत नव्हता, दगड रचण्याच्या पद्धतीत होता. मात्र दगडाच्या ढिगाऱ्यातून आपली माणसे काढलेल्या लोकांना हे पटणे शक्यच नव्हते. त्यांनी एकमुखाने सिमेंटचे घर मागितले, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. दोन्ही जिल्ह्यांतील मिळून ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलविण्याचे ठरले. अनेक गावे देशभरातील दात्या संस्थांनी दत्तक घेतली. घरे विनामूल्य मिळणार होती. प्रश्न होता, कोणाला केवढे घर द्यायचे? त्यासाठी तीन मापे ठरली: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीन व अगदी अल्प जमीन असलेल्या कुटुंबास सर्वांत लहान घर, मध्यम शेतकऱ्यास मधले, मोठ्या खातेदारास मोठे. आधार एकच, शेतजमीन.

या निर्णयाची एक बाजू प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. हजारो कुटुंबे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत बसलेली असताना कोणाचा वाडा किती खणांचा होता याची शहानिशा करणे कठीण होते. ढिगाऱ्याला साक्षीदार नसतात. सातबारा मात्र तलाठ्याच्या दप्तरात होता. तपासता येईल असे माप सोपे असते. कर्ज देणाऱ्या संस्थाही वर्षानुवर्षे याच कारणाने सातबाऱ्यावर विसंबून राहिल्या. पण सोपे माप आणि न्याय्य माप यांत अंतर असते, आणि ते अंतर ज्याच्या वाट्याला येते त्यालाच ते दिसते.

ज्याची उपजीविका जमिनीवर नव्हती, तो या पट्टीत ‘भूमिहीन’ ठरत होता. शेतमजूर भूमिहीन आणि गावात तीन पिढ्या दुकान चालविणारा, पण नावावर शेत नसलेला दुकानदारही भूमिहीन. कुंभाराला चाकासाठी, मडकी वाळविण्यासाठी आणि भट्टीसाठी अंगण लागते. सुताराला फळ्या उभ्या करण्यास जागा लागते. शिवणयंत्राला उजेडाची खिडकी लागते. २५० चौरस फुटांत माणसे झोपू शकत होती, काम मावत नव्हते. शेतकऱ्याला मोठे घर देताना त्याची गुरे, औजारे, धान्य यांचा विचार झाला असे म्हणता येते. तोच विचार तराजू, चाक आणि भट्टी यांच्या बाबतीत झाला नाही. ज्या जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन ‘तगर’ म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात नोंदले गेले, जेथील कापड भडोचच्या बंदरातून परदेशी जात होते, तेथे व्यापाऱ्याची जागा आराखड्यातून गळावी ही गंमत थोडी कडवट आहे.

गावाच्या आखणीतही असेच झाले. जुने गावठाण दाट होते. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत चालत जाताना सगळे गाव भेटत असे आणि दुकान नेमके त्या वाटेवर असे. नव्या गावांत चौकटीसारखे सरळ, रुंद रस्ते आखले गेले, घराभोवती मोकळी जागा सोडली गेली. भूकंपाच्या भीतीने मोकळी जागा हवीच होती. परंतु त्यामुळे गाव मूळच्या कित्येक पट पसरले. पाणी, गटार, दिवाबत्ती या सर्वांचे अंतर वाढले आणि ती सांभाळण्याचा भार लहानशा ग्रामपंचायतीवर आला. अनेक ठिकाणी सारख्या मापाची घरे एका रांगेत आली, त्यामुळे मोठ्या खातेदारांची आळी वेगळी आणि भूमिहीनांची आळी वेगळी, अशी विभागणी नकाशावरच झाली. जुन्या गावात गल्ल्या जातीच्या होत्या, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पण नव्या गावात त्या जागी जमिनीच्या मापाच्या गल्ल्या आल्या. काही ठिकाणी दात्यांनी आपापली कल्पना राबविली. लातूर जिल्ह्यातील गुबाळ येथे घुमटाकार घरे उभी राहिली. भूकंपाला घुमट उत्तम. गोल भिंतीला धान्याची कोठी मात्र टेकत नाही.

दुकानांचे काय झाले? ती आपोआप उगवली. एस. टी. थांब्याजवळ, मुख्य रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या खोक्यांत. एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते आणि पत्रा माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर असतो. ज्याने माळवदाखाली गादीवर बसून धंदा केला, त्याची पुढची पिढी पत्र्याखाली उभी राहिली. हे कोणी ठरवून केले नाही. कामाची जागा कोणीच ठरविली नव्हती, एवढेच.

याच भूकंपानंतर, याच जिल्ह्यात, व्यावसायिकांनी काम करण्याची दुसरी रीतही दिसली, आणि तिच्यामुळे या प्रकरणाकडे केवळ तक्रार म्हणून पाहता येत नाही. जी गावे हलविली नाहीत, तेथे दीड लाखांहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हे काम ठेकेदाराकडे न देता घरमालकांवर सोपविले गेले. शासनाने साहाय्य द्यावे, अभियंत्याने सल्ला द्यावा, बांधकाम कुटुंबाने करावे, अशी ती योजना होती. परंतु अभियंत्याची भाषा आणि घरातील बाईची भाषा यांच्यामध्ये दुभाषा लागत होता. कै. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने तो दुवा जोडला. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. लिंटेलच्या पातळीवर चारही भिंतींना कंबरपट्ट्यासारखा बांधणारा काँक्रीटचा पट्टा का हवा, कोपऱ्यात गज का हवेत, भिंतीच्या दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड ठरावीक अंतरावर का घालायचा, माळवदावरील माती का कमी करायची, हे त्या शिकल्या आणि त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकविले. गवंडी काम टाळतो आहे हे ओळखण्याइतके ज्ञान घरातील स्त्रीला आले. या कामाचा दर्जा पहिल्या दिवसापासून सर्वत्र उत्तम होता असे नाही. पण घर कसे असावे हा निर्णय त्यात राहणाऱ्याकडे राहिला. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवच्या अशाच स्त्रिया तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगण्यास गेल्या. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आहे. सामाजिक अभ्यासाचे शिक्षण घेतलेली तरुण मंडळी जिल्ह्याला नवी नाहीत, ती त्यामुळेच.

अभियंत्याने आधी विचारले, मग आखले, तेव्हा फरक पडला. समन्यायी नगरविकास हा शब्द जड वाटतो. त्याचा साधा अर्थ एवढाच की आराखडा काढणाऱ्याने कागदावरील मालमत्तेबरोबर माणसाचे काम मोजावे आणि ज्याचा आवाज पोहोचत नाही त्यालाही विचारावे.

व्यापारी वर्गाने हा मुद्दा गावापुरता समजू नये. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रत्येक नगरपरिषदेला विकास आराखडा करावा लागतो. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागविल्या जातात, सुनावणी होते. आपल्याकडे व्यापारी बंधू या प्रक्रियेत केव्हा जागे होतात? रस्तारुंदीची रेघ आपल्या ओट्यावरून गेली की. मग धावपळ, मग वकील. तोवर बाजारासाठी आरक्षित जागा कोठे ठेवली, मालाच्या गाड्या कोठे थांबणार, हमालांना सावली कोठे, बाजाराला आलेल्या खेड्यातील स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कोठे, हे प्रश्न कोणी विचारलेले नसतात. आठवडी बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक बाई सकाळी आठला घरून निघते आणि सायंकाळी परतते. ती पेठेत किती वेळ थांबेल, हे स्वच्छतागृहावर ठरते. आराखड्यातील तो एक चौकोन थेट विक्रीशी जोडलेला आहे.

दुकानासमोर बसणाऱ्या भाजीवाल्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य स्वतः पथविक्रेते असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया. दुकानदाराला हा कायदा आपल्याविरुद्ध वाटतो. कर भरणाऱ्याच्या दारात कर न भरणारा बसतो, ही त्याची तक्रार निराधार नाही. परंतु भाजी घेण्यासाठी पेठेत आलेली गृहिणीच पुढे कापड आणि किराणा घेते, हेही प्रत्येक जुन्या दुकानदाराला ठाऊक आहे. नव्या गावांत रस्ते रुंद झाले आणि वर्दळ हरवली. वर्दळ हेच पेठेचे भांडवल असते. पथविक्रेत्यांची जागा नकाशावर नीट आखून देणारा नगररचनाकार दुकानदाराचा शत्रू नव्हे.

आता ओट्यावरून आत जाऊ. रस्त्याचा आराखडा नगरपरिषदेच्या हाती असेल, दुकानाच्या आतला आराखडा पूर्णपणे मालकाच्या हाती आहे. तेथे नियोजनकार तोच, आणि ज्याचा आवाज पोहोचत नाही तो नोकर, मुनीम किंवा हमाल. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये स्वच्छता, उजेड, हवा, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, स्वच्छतागृह यांच्या तरतुदी आहेत. मूळ कायद्यात त्या दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू केल्या गेल्या. धाराशिव, उमरगा, कळंब, परंड्याच्या पेठांतील बहुतेक दुकानांत तीन-चार माणसे असतात. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, मालकाची नजरच पोहोचते.

ती नजर कशावर पडावी? कापड दुकानातील विक्रेता सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभा असतो. पायांच्या शिरा फुगणे, टाचा दुखणे, पाठ धरणे हे त्याचे जुने सोबती. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकान कायद्यांत दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. त्या मागणीमागे केरळातील साडीच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांचा लढा होता. महाराष्ट्रातील मालकाला एक स्टूल ठेवण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट जेवणाची. सूर्यास्तापूर्वी भोजन हा ज्या घराचा नियम, तेथील मालक सायंकाळी घरी जाऊन जेवून येतो. दुकानातील माणूस मात्र दुपारचा डबा कोठे उघडतो? बहुधा गोदामात, गोण्यांवर बसून, कीटकनाशकाच्या खोक्यांशेजारी. हात धुण्याचा नळ आणि दोन फुटांची स्वच्छ फळी, इतक्या लहान खर्चाची ही गोष्ट आहे.

छताचे शास्त्रही माळवदाकडूनच पुन्हा शिकता येते. मातीचा थर उष्णता अडवीत असे. आजच्या पत्र्याला किंवा स्लॅबला वरून पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर ऊन परतते आणि खालची खोली निवते. अहमदाबादने २०१३ मध्ये शहरासाठी उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे अशा थंड छतांचा त्यात समावेश झाला. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कोरड्या-उष्ण प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश असावे. दहा बाय वीसच्या दुकानाला वीस चौरस फूट. पेठेतील कित्येक दुकानांना पुढचे शटर सोडले तर तितकीही उघडी जागा नसते, आणि शटरच्या कडेने रचलेल्या मालामुळे तीही निम्मी होते.

कुंथलगिरीच्या वंदनेला जाणारे बहुतेक कुटुंब परतताना खवा किंवा पेढा घेऊनच येते. भूम तालुक्याचा तो प्रमुख उद्योग. खव्याच्या भट्टीवर लाकडाच्या जाळासमोर तासन्‌तास दूध ढवळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत आणि छातीत जो धूर जातो, तो पेढ्याच्या डब्यावर लिहिलेला नसतो. भट्टीचे तोंड बंदिस्त करणे, धुराडे छताबाहेर काढणे, कढईची उंची ढवळणाऱ्याच्या कमरेशी जुळविणे, ही वास्तुविशारद आणि अभियंता यांची कामे आहेत. जळण वाचते, हा मालकाचा फायदा वेगळा.

हे सगळे महाग असते, असा समज आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने लहान उद्योगांसाठी ‘वाइज’ नावाची कार्यपद्धती तयार केली. तिचा आधारच हा की मोठी गुंतवणूक न करता, जागेवर आधीपासून जे चांगले आहे त्यातून सुरुवात करावी. जड माल कमरेच्या उंचीवर, नेहमी लागणारा माल हाताशी, वाटा मोकळ्या, उचलण्याऐवजी ढकलगाडी, बल्बाआधी दिवसाचा उजेड. जिल्ह्यातील स्थापत्य अभियंते आणि वास्तुविशारद यांच्याकडे आपण नकाशा मंजुरीसाठी जातो आणि ‘जास्तीत जास्त गाळे बसवा’ एवढेच सांगतो. जे सांगितले तेच तो काढणार. दुकानाचा नकाशा काढण्यास देताना आत किती माणसे, किती तास, काय उचलतात, कोठे बसतात आणि कोठे जेवतात, हे पाच आकडे त्याच्या हाती दिले तर नकाशा बदलतो.

अडतीतील हमालाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. एके काळी क्विंटलचे पोते पाठीवर घेणे हे मर्दुमकीचे लक्षण मानले जाई. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सुचविली आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्याने मजुरी आणि नोंदणीला शिस्त आणली. पाठीचा भार मात्र अजून ओट्याच्या उंचीवर ठरतो. मालमोटारीच्या तळाची उंची आणि आडत दुकानाच्या धक्क्याची उंची सारखी असेल तर गोणी सरकत आत येते. ती तीन फुटांनी कमी असेल तर दिवसाला शेकडो वेळा माणूस वाकतो, चढतो, उतरतो. नव्या गोदामाचा धक्का बांधताना गवंड्याला ही उंची सांगायची असते, आणि ती मोजण्यासाठी दारात उभ्या असलेल्या गाडीला टेप लावला की काम होते.